चिरेबंदी घर, तीन वाटा: जुन्या तारांवरून इंटरनेट नेण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका गावातलं हे घर. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घराची रचना आणि तारांचे प्रकार मात्र होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे. मी या भागात इन्व्हर्टर, सोलर आणि नेटवर्कची कामं करतो. सगळ्यांत जास्त विचार करायला लावणाऱ्या कामांपैकी हे एक, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

घराचे तीन भाग आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या काळांतले. मूळ घर मालकांच्या, म्हणजे काकांच्या, वडिलांनी बांधलेलं: पुढची पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या, सुमारे दीड फूट जाड, वर कौलं. मागच्या अंगाला २००८ मध्ये स्लॅबचं बांधकाम वाढवलं, त्यात खाली दोन खोल्या आणि वर माडी. तिसरा भाग म्हणजे गोठा. अंगण ओलांडून, आगरातल्या पोफळींच्या पलीकडे, घरापासून पस्तीस-चाळीस मीटरवर. गुरं गेली तशी त्या जागी पर्यटकांसाठी दोन खोल्या झाल्या, पण घरात सगळे त्याला अजून गोठाच म्हणतात.

काका निवृत्त शिक्षक. मुलगा कलमं आणि पाहुण्यांच्या खोल्या बघतो. सून पुण्यातल्या एका कंपनीचं काम २०२० पासून घरून करते. फायबरचं कनेक्शन गावात आलं तेव्हा केबलवाल्याने खांबावरून तार आणून फायबरचा डबा (मोडेम) ओटीवर बसवला. तेच त्याला सोयीचं होतं, आणि ओटीवर नेट उत्तम चालायचंही.

अडचण

सुनेची कामाची खोली माडीवर. ओटीपासून तिथपर्यंत चिऱ्याच्या दोन भिंती, मग विटांची एक आणि वर स्लॅब. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय माजघराच्या पलीकडे जातच नव्हता. २.४ गिगाहर्ट्झचा माडीवर कसाबसा एक दांडी दाखवायचा. पावसाळ्यात चिरा ओल धरतो आणि पाणी रेडिओ लहरी शोषतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ती दांडीही जायची.

त्यांनी आधी एक रिपीटर आणून माजघरात लावला होता. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे मिळालेला वेग निम्म्यावर येतो. इथे मुळात मिळणारा सिग्नलच थकलेला होता. शिवाय तो ज्या बोर्डात होता तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. लाइट गेली की रिपीटर बंद आणि माडीवरचा कॉल तुटायचा.

पहिल्या भेटीत सून म्हणाली, "दादा, स्पीड थोडा कमी मिळाला तरी चालेल. पण मीटिंगमध्ये असताना लाइट गेली की मी गायब होते, ते आधी थांबवा." हे वाक्य मी वहीत पहिल्या ओळीवर लिहून घेतलं. पुढचे बहुतेक निर्णय त्यानेच केले.

काकूंची मागणी साधी होती. मागच्या पडवीतल्या टीव्हीवर कीर्तनं आणि मालिका अडखळू नयेत. मुलाला गोठ्यातल्या पाहुण्यांसाठी वायफाय हवा होता. पाहुणे खोली ठरवण्याआधी समुद्र किती लांब आहे याच्याइतकंच नेट आहे का हेही विचारतात.

काकांची एकच अट होती. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही. मातीत बांधलेल्या भिंतीत ड्रिलच्या हादऱ्याने सांधे सुटतात, त्या भोकांतून मुंग्या आणि ओल शिरते, आणि हे त्यांनी शेजारच्या घरात पाहिलं होतं. अट रास्त होती. म्हणून घरात आधीपासून असलेल्या तारांवरून काय नेता येईल, हा प्रश्न पुढे आला.

घरातल्या तारांची पाहणी

अशा कामात लोक आधी यंत्र विकत घेतात आणि मग ते कुठे चालतं ते शोधतात. मला उलटं करणं पटतं. कोणती तार कुठून निघते, कुठे संपते, कोणत्या लाइनवर आहे, हे कागदावर आल्याशिवाय खरेदी करू नये. या घराचा नकाशा काढायला एक अख्खी सकाळ गेली आणि तीच सगळ्यांत मोलाची ठरली.

गावातला जुना वायरमन बोलावला. २००८ चं वायरिंग त्याचंच. मूळ घरातलं वायरिंग लाकडी पट्टीवर ठोकलेलं, दोन तारांचं. बऱ्याच पॉइंटना अर्थिंगची तार नाहीच. नव्या भागात भिंतीतल्या पीव्हीसी पायपांतून कन्सील वायरिंग, हिरव्या अर्थिंग तारेसह. पाहुण्यांच्या खोल्या झाल्या तेव्हा लोड वाढवून थ्री-फेज मीटर घेतला होता. घर एका फेजवर, गोठा दुसऱ्या फेजवर आणि विहिरीचा पंप तिसऱ्यावर, अशी वाटणी.

इन्व्हर्टर ओटीच्या कोपऱ्यात. आपल्याकडे सहसा करतात तसं त्याच्या आउटपुटची वेगळी फेज ठरावीक पॉइंटना फिरवलेली आणि न्यूट्रल सगळ्यांना सामाईक. माडीवरच्या खोलीत दिवा, पंखा आणि एक पाच अँपियरचा सॉकेट एवढंच इन्व्हर्टरवर होतं.

विजेच्या तारांखेरीज आणखी तीन प्रकार सापडले. पहिली, बंद पडलेल्या लँडलाइनची तार. ती ओटीवरून तुळईच्या कडेने माजघराच्या मागच्या दारापर्यंत ठोकलेली होती आणि तिथून नव्या भागात एका पायपात शिरून माडीवर निघत होती. दुसरी, गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या दोन कोॲक्स केबल (मधे एक तार, भोवती जाळी): एक माजघरातल्या चालू टीव्हीला, दुसरी माडीवर, वापराविना. तिसरी, सीसीटीव्हीची थ्री-प्लस-वन केबल, म्हणजे एक कोॲक्स आणि विजेच्या तीन तारा एकाच वेष्टनात. घरातल्या डीव्हीआरपासून (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) गोठ्यापर्यंत खांबांवरून दोन नेलेल्या होत्या. एक कॅमेरा पुढे फाटकाजवळ हलवल्यामुळे त्यातली एक मोकळी होती.

वायरमनने एक गोष्ट आठवून सांगितली, जी कुठल्याही यंत्राने सांगितली नसती. "फोनचा पाइप मी लाइटच्या पायपापासून वेगळा टाकलेला व्हता. आत एकच तार हाय. बेंड दोन, पण एल्बो नाय." पायपात काटकोनी एल्बो नाही, गोलाईचे बेंड आहेत, याचा अर्थ त्यातून दुसरी तार ओढता येण्याची आशा होती.

विचारात घेतलेले पर्याय

फोनच्या तारेवरूनच इंटरनेट नेणं. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला (केबलवरच्या नेटवर्कला) तारांच्या दोन जोड्या लागतात, गिगाबिटला चार. इथे एकच जोडी, तीही पीळ नसलेली. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि पलीकडे वजा होतो, तो फायदा सरळ तारेत नसतो. एका जोडीवरून डेटा नेणारी यंत्रं असतात. पण ओटीवरचा जोड उघडला तेव्हा खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडलेलं दिसलं. असे जोड वाटेत आणखी किती असतील ते कळायला मार्ग नव्हता. तार म्हणून ती बाद. पाइप मात्र कामाचा.

डिशच्या कोॲक्सवरून नेणं. कोॲक्स ही घरातली सगळ्यांत गुणी तार. तिच्यावर चालणाऱ्या मोका या पद्धतीची २.५ ही आवृत्ती अडीच गिगाबिटपर्यंत जाते. पण घरगुती मोका साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतं आणि डिशच्या एलएनबीकडून (तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो. एकाच केबलवर दोघं एकत्र नांदत नाहीत. माजघरातली केबल काकूंच्या दुसऱ्या टीव्हीसाठी चालू होती. ती सोडायची म्हटलं तर दोन्ही केबल गच्चीवर एकमेकींना जोडाव्या लागल्या असत्या, म्हणजे खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात एक नवा सांधा. आणि मोकाचे ॲडॉप्टर दापोली, चिपळूण, रत्नागिरी कुठेच दुकानात मला मिळाले नाहीत. जे यंत्र पावसाळ्यात जळलं तर तालुक्याच्या बाजारात बदलून मिळत नाही, ते मी अशा घरात बसवत नाही. हा पर्याय तिथेच थांबवला.

विजेच्या तारांवरून नेणं. यालाच पॉवरलाइन म्हणतात. एक ॲडॉप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा हव्या त्या खोलीत. मधली वायरिंग ५० हर्ट्झच्या विजेसोबत उच्च वारंवारतेचा डेटा वाहते. २००५ च्या होमप्लग एव्ही या मानकापासून ही पद्धत रुळली आणि २०१० मध्ये तिला आयईईई १९०१ हे मानकही मिळालं. भिंतीला हात न लावता होणारं काम, त्यामुळे काकांना हाच पर्याय सर्वांत आवडला होता. मुलाने ऑनलाइन जोडी बघूनही ठेवली होती. खोक्यावर ६०० एमबीपीएस लिहिलेलं. अशा अनेक जोड्यांचा लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची खाच) मात्र १०० एमबीपीएसचाच असतो, आणि खोक्यावरचा आकडा तारेवरच्या कच्च्या वेगाचा असतो. प्रत्यक्षात हाती येतो तो त्याचा छोटा भाग.

त्याला म्हटलं, विकत घेऊ नकोस, माझ्याकडे चाचणीची एक जोडी आहे, ती आधी लावून बघू.

चाचणी, लाइट असताना आणि घालवून

पहिली चाचणी ओटी ते माडी, लाइट असताना, दुपारी. दोन्ही ॲडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेंशन बोर्डात लावले, आणि त्यात सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची उसळी अडवणारा भाग) असला, तर त्याचा फिल्टर हा सिग्नल कचरा समजून गाळून टाकतो. वेग चाळीसच्या आसपास मिळाला. मुलगा खूश झाला. तिथेच थांबलो असतो तर जोडी विकत घेतली गेली असती.

मग एकेक गोष्ट चालू करत गेलो. मोबाइलचा हलका चार्जर शेजारच्या सॉकेटमध्ये लावताच वेग उतरला. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर आणला की पुन्हा खाली. मिक्सर लावला तेव्हा सतत चालू ठेवलेल्या पिंगमधले, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे विचारत राहणाऱ्या चाचणीतले, काही प्रतिसाद आलेच नाहीत. व्हिडिओ कॉलला वेग फारसा लागत नाही, दोन-चार एमबीपीएस पुरतात. त्याला सातत्य लागतं. अर्धा सेकंद माती खाल्ली तरी समोरच्याला आपला आवाज तुटलेला ऐकू येतो.

नंतर मेन स्विच खाली केला.

ही चाचणी बहुतेक ठिकाणी होत नाही आणि कोकणात तीच पहिली व्हायला हवी. वळवाचे दिवस, पावसाळा, वारा, पडलेल्या फांद्या: लाइट जाणं हा इथल्या वर्षाचा भाग आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ याच पट्ट्यावरून गेलं, तेव्हा इथली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. लाइट गेल्यावर घरातल्या तारांचं रूप पालटतं, आणि ते रूप पाहिल्याशिवाय पॉवरलाइनबद्दल मत देऊ नये.

मेन बंद होताच माडीवरचा ॲडॉप्टर मेला, कारण तो साध्या लाइनवर होता. तो इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये हलवला. आता दोन्ही ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर, दोन्हींना वीज. तरीही जोडणी कधी लागायची, कधी सुटायची, आणि लागली तरी वेग दोन-तीनच्या वर जाईना. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे विजेची लहर गोलाईची नव्हे तर चौकोनी देणारा. बॅटरीवर चालताना त्याच्या स्विचिंगचा गोंगाट नेमका त्याच तारांवर येतो ज्यांच्यावरून डेटा जायचा असतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असता तर चित्र बरं दिसलं असतं, पण एवढ्यासाठी चालता इन्व्हर्टर बदलणं काकांना पटलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

ओटी ते गोठा या वाटेवर पॉवरलाइनची जोडी जमलीच नाही. फेज वेगळी, मधे मीटरपेटी आणि लांब केबल. ते अपेक्षितच होतं.

ओटी ते मागची पडवी मात्र छान चाललं. दोन्ही पॉइंट एकाच जुन्या सर्किटवर, अंतर थोडं. मूळ घरात अर्थिंगची तार नसल्यामुळे नव्या ॲडॉप्टरना तीन तारांचा जो जादा फायदा मिळतो तो इथे मिळणार नव्हता, तरी वीस-पंचवीस एमबीपीएस टिकून मिळत होते. एचडी व्हिडिओला पाचेक पुरतात. टीव्ही पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, म्हणून मिक्सरचा झटका काकूंना जाणवणार नाही. आणि लाइट गेली की टीव्ही तसाही बंद.

या टप्प्यावर सगळे ओटीवर बसलो आणि ठरवलं की एकच पद्धत घरभर लावायचा विचार सोडायचा. तीन वाटांना तीन वेगळी उत्तरं.

काय केलं

मागच्या पडवीला पॉवरलाइन. ही वाट सर्वांत सोपी. जोडी लावल्यावर दोन्हींवरचं पेअरचं बटण दाबून नवीन किल्ली तयार केली. हे विसरू नये. पॉवरलाइनचा डेटा १२८ बिटच्या एईएस या सांकेतिक पद्धतीने झाकलेला असतो, पण कारखान्यातून आलेली किल्ली सगळ्यांची सारखी असू शकते आणि सिग्नल मीटरपाशी थांबतोच असं नाही.

माडीसाठी फोनचा पाइप. इथे जुन्या तारेचा उपयोग ओढदोरीसारखा केला. पायपात आधीच असलेली तार दुसऱ्या टोकाला नवी तार बांधून ओढली की नवी तार तिच्या जागी येते. पण नवी केबल थेट फोनच्या तारेला बांधायची नाही, कारण जुनी तार मधेच तुटली तर दोन्ही गेल्या. आधी नायलॉनची बारीक दोरी ओढून घेतली, दोरी सुखरूप आल्यावर तिला केबल बांधली. दुसऱ्या बेंडपाशी अडकली तेव्हा वायरमनने टाल्कम पावडर चोळून, पुढे-मागे करत, घाई न करता ती सोडवली. जोर लावून ओढली असती तर केबलच्या आतला पीळ बिघडला असता आणि ती दिसायला धडधाकट, चालायला आजारी झाली असती.

इथे एक छोटा निर्णय महत्त्वाचा ठरला. मुलाने कॅट सिक्स प्रकारची नेटवर्क केबल आणली होती. तिच्या मधोमध बऱ्याचदा प्लास्टिकची फुली असते, त्यामुळे ती जाड आणि ताठ. पाऊण इंची पायपातल्या बेंडमधून ती नेणं अवघड होतं. त्याऐवजी कॅट फाइव्ह ई घेतली. १०० मीटरपर्यंत गिगाबिट तीही देते आणि इथे अंतर त्याच्या चौथाईहून कमी होतं. दुकानात तिचं टोक पात्याने खरवडून पाहिलं. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. खाऱ्या हवेत त्याचे सांधे फार टिकत नाहीत. आत लाल तांबं हवं.

ओटी ते पायपाचं तोंड हा टप्पा चिऱ्याच्या भिंतीवरून गेला. कौलारू घरात भिंतीचा माथा आणि वासे यांच्यात फट असते, तिच्यातून केबल तुळईच्या कडेने नेली. विजेच्या पट्टीपासून वीतभर लांब ठेवली, आणि जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. एकही भोक पडलं नाही. काका शिडी धरून उभे होते, ते उतरताना एवढंच म्हणाले, "छान झालं."

माडीवर एक ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारं यंत्र), इन्व्हर्टरच्या सॉकेटवर. ओटीवरचा डबा आणि राउटर आधीपासून इन्व्हर्टरवर होते, तरी लाइट गेल्याच्या क्षणी इन्व्हर्टर चालू व्हायला जो पळभर लागतो तेवढ्यात डबा रिस्टार्ट व्हायचा आणि पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घ्यायचा. सुनेची खरी तक्रार इथेही दडलेली होती. १२ व्होल्टचा एक छोटा यूपीएस डबा आणि राउटर यांना लावला, तेव्हा ती गेली. यूपीएस घेण्याआधी दोन्हींच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपियर वाचून घेतले.

गोठ्याची वाट

या वाटेवर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि नुकसानही इथेच झालं.

मोकळी सीसीटीव्हीची कोॲक्स समोर लोंबत होती. तिच्यावरून इथरनेट नेणारे कन्व्हर्टर सीसीटीव्हीच्या दुकानात सहज मिळतात. चाळीस मीटर हे त्यांना काहीच नाही. दुसरा पर्याय फायबर ओढण्याचा: आगरातून पाइप पुरायचा, फायबर आणि नेटवर्कची केबल यांना जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर, दोन्ही टोकांना स्प्लायसिंग, म्हणजे फायबरचे धागे मशिनने जोडणं. खर्च जास्त, आणि एप्रिल उजाडलेला. मे महिन्याच्या खोल्या भरलेल्या होत्या, आंब्याची तोड चालू होती. आगर खणायला माणूस आणि सवड दोन्ही नव्हतं.

मी धोका सांगितला. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ताणली की वीज जवळपास कुठेही कोसळली तरी ती तार संकट घरात आणते. वीज जमिनीत शिरते तेव्हा त्या जागेच्या आसपासच्या जमिनीचं व्होल्टेज क्षणभर उसळतं. एका इमारतीचं अर्थिंग वर गेलेलं, दुसऱ्याचं खाली, आणि दोघांना जोडणारी तार मधे. तो फरक तिच्यातून वाहतो. जांभा खडक विजेचा चांगला वाहक नाही, म्हणून आपल्याकडे अर्थिंगचा रोध मुळातच जास्त असतो आणि हा फरक आणखी मोठा होतो. आणि वळवाचा गडगडाट मे अखेरीपासून सुरू होतोच.

मुलाने हिशेब मांडला. हंगामात पाहुण्यांना नेट देता आलं नाही तर नुकसान नक्की आहे. वीज पडून जळणं हे शक्य आहे, नक्की नाही. दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने ढग चढायला लागले की दोन्ही टोकांची केबल काढून ठेवायची, आणि दिवाळीनंतर फायबर. हा विचार उतावळा नव्हता. त्याने महिनाभर केबल इमानाने काढली-लावली. मग एका दुपारी सगळं घर लग्नाला गेलेलं असताना गडगडाट झाला. दोन्ही कन्व्हर्टर, राउटरचा एक लॅन पोर्ट आणि डीव्हीआरचा एक चॅनल गेला. माडीकडे जाणारा पोर्ट वाचला. ते नशीब होतं, आमची योजना नव्हती.

पावसाळा संपल्यावर फायबर टाकलं. वरून ओढायचं नाही हे सगळ्यांनीच आधी सांगितलं. वानरं केबलला झोके घेतात आणि झावळ पडली की तार तुटते. गडग्याच्या कडेने एचडीपीई पाइप पुरला, आत धातू नसलेली फायबर केबल. खांबावरून घरात येणाऱ्या नेहमीच्या ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती तशीच दोन्ही घरांत नेली तर तांबं काढून लोखंड घातल्यासारखं होतं. धातूविरहित केबल मागवून घ्यावी लागली. केबलवाल्याने आपल्या मशिनने दोन्ही टोकं जोडून दिली. एकाच धाग्यावर जाणं-येणं दोन वेगळ्या तरंगलांबींनी होतं, त्यामुळे मीडिया कन्व्हर्टर घेताना ते ए आणि बी असे जोडीचेच आहेत हे बघून घेतलं. सीसीटीव्हीची मोकळी कोॲक्स खांबांवरून उतरवली.

निष्पत्ती

माडीवर आता घेतलेल्या प्लॅनचा जवळजवळ पूर्ण वेग मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लाइट गेली तरी कॉल चालू राहतो. पहिल्या पावसाळ्यात मी मुद्दाम फोन करून विचारलं, तेव्हा सून म्हणाली की लाइट गेल्याचं तिला पंख्याचा आवाज बदलल्यावर कळतं. मागच्या पडवीतला टीव्ही पॉवरलाइनवर नीट चालतो. फक्त एकदा कुणीतरी तो ॲडॉप्टर एक्स्टेंशन बोर्डात हलवला होता आणि टीव्ही अडखळू लागला, तो पुन्हा भिंतीत लावल्यावर सुरळीत झाला. आता त्या सॉकेटवर कागद चिकटवला आहे.

गोठ्यात फायबर व्यवस्थित. पाहुण्यांचं वायफाय घरच्या नेटवर्कपासून वेगळं करणं राहून गेलं होतं. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये गेस्ट नेटवर्क खरोखर वेगळं राहीलच याची खात्री नसते, आणि गोठ्यात दुसरा राउटर नुसता पुढे जोडला तरी पाहुण्यांना घरचा डीव्हीआर दिसू शकतो. जळालेल्या पोर्टचा राउटर बदलताना व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं ठेवण्याची पद्धत) समजणारा राउटर घेतला आणि गोठ्यातही तसाच ॲक्सेस पॉइंट लावला. आता पाहुणे फक्त बाहेर जाऊ शकतात, घरात डोकावू शकत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

निसर्ग वादळानंतर गोठ्याची विजेची लाइन खांबांवरून उतरवून जमिनीत घेतली होती. चर तेव्हाच खणला होता. त्यात थोडं अंतर ठेवून एक रिकामा पाइप टाकला असता, तर पुढचं बरंचसं टळलं असतं. चर खणण्याची मजुरी पाइपापेक्षा कितीतरी जास्त असते. आता मी कुणाच्याही आवारात चर दिसला की रिकामा पाइप आणि आत एक नायलॉनची दोरी टाकायला सांगतो, मग आज इंटरनेट असो वा नसो.

दुसरा प्रश्न डब्याच्या जागेचा. केबलवाला खांबावरून येतो आणि दारातच डबा ठोकून मोकळा होतो. फायबरची तार बारीक असते. ती वाशांच्या फटीतून माजघरापर्यंत आली असती, आणि डबा घराच्या मध्यात, फोनच्या पायपाच्या तोंडाशी बसला असता. मग मागच्या पडवीला कदाचित पॉवरलाइनही लागली नसती. कनेक्शन घेताना पाच मिनिटं जागेवर बोलणं झालं असतं तर तेवढ्याच पैशांत हे झालं असतं. नंतर हलवायला पुन्हा जोड, पुन्हा माणूस.

हंगामापुरती कोॲक्स लावण्याच्या निर्णयाबद्दल घरात अजून दोन मतं आहेत. मुलगा म्हणतो, मे महिन्याच्या कमाईतून राउटरची किंमत वसूल झाली. काका म्हणतात, डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंगही गेलं असतं तर? माझ्या मते तात्पुरती सोय करायचीच होती तर ती तांब्याविना करता आली असती: ओटीच्या बाहेर आणि गोठ्याच्या पडवीत समोरासमोर दोन छोटे वायरलेस ब्रिज (तारेऐवजी हवेतून दोन टोकं जोडणारी यंत्रं), मधे पोफळींची पानं आड येत नाहीत अशा उंचीवर. त्या आगरात तशी एक सरळ नजर मिळते, विहिरीच्या बाजूने. आम्ही घरात असलेल्या तारांचाच विचार करत बसलो होतो, त्यामुळे तिकडे लक्ष उशिरा गेलं.

राहिलेलं एक काम म्हणजे अर्थिंग. मीटरपेटीपाशी जुना खड्डा आहे, त्यात कोळसा-मीठ केव्हा भरलं ते कुणालाच आठवत नाही. त्याचा रोध येत्या मेमध्ये मोजायचा आहे. पावसाळ्यात ओल्या मातीत मोजला तर आकडा चांगला येतो आणि दिशाभूल होते. जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाच, वळवाचा पहिला पाऊस पडण्याआधी, तो मोजून दुरुस्त करायचा. वायरमनला तारीख देऊन ठेवली आहे.